थोमाचे आठ दिवस

इंग्रजी भाषेत एखाद्या मनुष्याला 'संशयी थोमा' म्हटले, की त्यात त्याचा गौरव नसतो. डोळ्यांनी पाहिल्यावाचून आणि हातांनी चाचपल्यावाचून जो कशावरही विश्वास ठेवीत नाही, अशा हट्टी माणसाला हे नाव देण्याची तिकडे जुनी चाल आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एकाच्या वाट्याला ही अपकीर्ती आली आणि ती त्याला कायमची चिकटली. भारतीय श्रोत्याला मात्र ह्या शिष्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटावयास हवी. केरळातील प्राचीन ख्रिस्ती समाज आपल्या श्रद्धेचा उगम त्याच्यापाशीच नेऊन भिडवितो, चेन्नईतील एक टेकडी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि मराठी भाषेत 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स ह्यांचे पाळण्यातले नावही थॉमस, म्हणजे थोमाच, होते.

थोमाविषयी जी थोडीबहुत माहिती मिळते ती मुख्यतः योहानकृत शुभवर्तमानातून. इतर तीन शुभवर्तमानांत तो केवळ शिष्यांच्या यादीत येतो. योहान मात्र त्याला बोलावयास लावतो, आणि जे दोनतीन प्रसंग त्याने टिपले आहेत त्यांतून एक सरळ, काहीसा उदास, पण जिवाला जीव देणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. यहूदियात येशूच्या जिवाला धोका आहे हे ठाऊक असूनही लाजराच्या मृत्यूनंतर येशू तिकडे निघतो, तेव्हा इतर शिष्य कचरतात. आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू, असे सोबत्यांना सांगणारा थोमा होय. पुढे शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू आपल्या जाण्याविषयी गूढ भाषेत बोलू लागतो आणि शिष्यांना ती वाट ठाऊक आहे असे म्हणतो. बाकीचे गप्प बसतात. थोमा स्पष्टपणे सांगतो, की तो कोठे जात आहे हेच जर ठाऊक नाही, तर वाट कशी ठाऊक असणार? कळले नसता कळल्याचा आव आणणे ह्या माणसाच्या स्वभावातच नव्हते. त्याच्या पुढच्या संशयाकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे.

नंतरचा प्रसंग सर्वश्रुत आहे. येशूला क्रूसावर खिळून मारल्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी सायंकाळी, शिष्य दारे लावून बसले असता तो त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. थोमा त्या वेळी तेथे नव्हता. तो कोठे गेला होता हे योहान सांगत नाही. परत आल्यावर सोबत्यांनी त्याला आनंदाची वार्ता सांगितली. तेव्हा त्याने उत्तर दिले, की त्याच्या हातांतील खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय आणि त्याच्या कुशीत हात घातल्याशिवाय आपण विश्वास ठेवणार नाही. त्यानंतर आठ दिवस गेले. पुन्हा दारे बंद होती, पुन्हा शिष्य एकत्र होते, आणि ह्या वेळी थोमा त्यांच्याबरोबर होता. येशू आला व त्याने आपले हात थोमापुढे केले.

ह्या कथेवर झालेली प्रवचने बहुधा ह्या शेवटच्या क्षणाकडे धाव घेतात. वस्तुतः अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे मधले आठ दिवस. योहानाने ते एका वाक्यांशात उरकले आहेत, पण ते जगणाऱ्याला ते तसे उरकता आले नसतील. दहा माणसे आनंदाने न्हाऊन निघाली आहेत आणि त्यांच्यातच एक माणूस आहे, ज्याला त्या आनंदाचा स्पर्शही झालेला नाही. त्याने प्रभूला तीन वर्षे पाहिले होते. त्याच्याबरोबर मरण्याची तयारी दाखविली होती. आणि ऐन वेळी इतरांप्रमाणे तोही पळून गेला होता. अशा माणसाला सोबत्यांचा उल्हास किती बोचला असेल! तरीही ह्या आठ दिवसांत दोन गोष्टी घडल्या नाहीत. थोमा त्या मंडळीला सोडून निघून गेला नाही, आणि त्या मंडळीनेही त्याला दाराबाहेर काढले नाही. त्याला विश्वास ठेवता येत नव्हता, पण विश्वास ठेवणाऱ्यांच्या पंक्तीला तो बसत होता. पुढच्या काळातील ख्रिस्ती धर्मसंस्थेला हा वस्तुपाठ नेहमीच आठवला असे नाही. संशय घेणाऱ्याला तिने पुष्कळदा कठोरपणे वागविले, आणि त्याचे परिणाम युरोपच्या इतिहासात नमूद आहेत.

आणखी एक बारकावा येथे पाहण्यासारखा आहे. थोमाने खरोखरच त्या जखमेत बोट घातले काय? काराव्हाज्जो ह्या इटालियन चित्रकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट जखमेत खोल गेलेले दिसते, आणि त्या चित्राचा प्रभाव असा, की अनेकांना तेच शास्त्रवचन वाटते. शुभवर्तमानात तसे लिहिलेले नाही. येशूने बोट घालण्यास सांगितले एवढेच तेथे आहे. थोमाने ते घातले असा उल्लेख नाही. तो लगेच येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हणतो. चारही शुभवर्तमानांत येशूला उद्देशून इतकी मोठी कबुली दुसऱ्या कोणी दिलेली आढळत नाही. ती संशय घेणाऱ्याच्या तोंडून आली. जो पुरावा त्याने मागितला होता तो समोर असताना त्याला त्याची गरज उरली नाही. त्याला बहुधा पुराव्याहून वेगळेच काही हवे होते. जो मेला तोच हा, वणांसकट हा, दुसरे कोणी भूत नव्हे, हे त्याला हवे होते.

ह्यानंतर येशू ज्यांनी पाहिले नाही आणि तरी विश्वास ठेविला अशांना धन्य म्हणतो. योहानाने हे पुस्तक लिहिले तेव्हा येशूला पाहिलेली पिढी जवळजवळ संपली होती. ऐकणारे सर्वच न पाहिलेले होते. म्हणून हे शब्द थोमाची कानउघाडणी करण्यापुरते नाहीत. ते त्या दाराबाहेरच्या सर्वांसाठी आहेत. पण येथे एक घोटाळा नेहमी होतो. न पाहता विश्वास ठेवणे म्हणजे डोळे मिटून, विचार बंद करून, मनात शंका येऊच न देणे, असा त्याचा अर्थ केला जातो. शास्त्राच्या मूळ भाषा पाहिल्या तर हा अर्थ टिकत नाही.

हिब्रू भाषेत विश्वासाला 'एमुना' असा शब्द आहे. प्रार्थनेच्या अखेरीस ख्रिस्ती लोक जो 'आमेन' म्हणतात, तो ह्याच धातूपासून निघाला. मूळ अर्थ खंबीरपणा, न ढळणे. निर्गम नावाच्या ग्रंथात हा शब्द एका मोठ्या मनोवेधक ठिकाणी आला आहे. इस्राएल लोकांची अमालेकी लोकांशी लढाई चालली असता मोशे टेकडीवर हात वर करून उभा राहतो. हात वर असले की इस्राएलांची सरशी होते, खाली आले की शत्रूची. मोशे म्हातारा माणूस. त्याचे हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवितात, एक एका बाजूने आणि दुसरा दुसऱ्या बाजूने त्याचे हात धरून ठेवितो, आणि सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहतात. तेथे 'स्थिर' ह्या अर्थी जो शब्द योजिला आहे, तो हाच 'एमुना'. म्हणजे ह्या शब्दाच्या पोटात मनाच्या निःशंकतेपेक्षा थकलेल्या हातांची गोष्ट अधिक आहे, आणि ते हात दुसऱ्यांनी धरलेले आहेत. मराठीत ह्याच्या जवळ जाणारा शब्द 'श्रद्धा' नव्हे, 'विश्वास'ही पुरता नव्हे. तो 'भरवसा' आहे. भरवसा माणसावर ठेवावयाचा असतो, आणि तो माणूस नजरेआड गेल्यावरच त्याची कसोटी लागते.

मग शंकेचे काय? बायबलमध्ये ती सर्वत्र विखुरलेली आहे, आणि ती पुसून टाकण्याचा यत्न कोणी केलेला नाही. मार्काने एका बापाची गोष्ट सांगितली आहे. त्याचा मुलगा झटके येऊन कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडतो. तो बाप येशूला एका दमात दोन गोष्टी सांगतो: आपला विश्वास आहे, आणि आपल्या अविश्वासाला साहाय्य हवे आहे. येशू त्याला आधी विश्वास पुरता करून ये असे सांगत नाही. मुलाला बरे करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी अखेरीस अकरा शिष्य गालीलातील डोंगरावर पुनरुत्थित येशूला पाहतात व नमन करतात. आणि त्याच वाक्यात मत्तय नमूद करतो, की कित्येकांना संशय वाटला. प्रत्यक्ष पाहूनही! पाहण्याने संशय संपतो ही समजूत किती भाबडी आहे हे त्या एका उल्लेखावरून दिसते.

थोमाच्या पुढील आयुष्याविषयी परंपरा असे सांगते, की तो इ. स. ५२ च्या सुमारास केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि मैलापूर येथे त्याला हौतात्म्य आले. इतिहासकारांत ह्याविषयी एकमत नाही. परंतु 'थोमाची कृत्ये' ह्या नावाचा एक ग्रंथ तिसऱ्या शतकात सिरियाच्या बाजूला रचला गेला, आणि त्यातील एक कथा प्रस्तुत विषयाशी फार निकटची आहे. त्या कथेत थोमा हिंदुस्थानात जाण्यास प्रथम साफ नकार देतो. अखेर एका व्यापाऱ्याला सुतार म्हणून विकला जाऊन तो गोंदोफारेस राजाच्या दरबारी येतो. राजा त्याला राजवाडा बांधावयास सांगतो व भरपूर द्रव्य देतो. थोमा ते सगळे द्रव्य गोरगरिबांत वाटून टाकतो. राजाने विचारणा केली, तेव्हा वाडा तयार झाला आहे, केवळ छप्पर राहिले आहे, असे तो कळवितो. राजा आणखी पैसे पाठवितो! शेवटी राजा स्वतः पाहावयास येतो, तर तेथे वीटही नाही. थोमा म्हणतो, वाडा आहे, पण तो आता दिसणार नाही. हे जग सोडल्यावर दिसेल. राजा त्याला तुरुंगात टाकतो. त्याच रात्री राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात तो वाडा पाहतो, आणि पुन्हा जिवंत होऊन भावाकडे तो वाडा विकत मागतो, तेव्हा राजाची समजूत पटते.

कथा लोककथेच्या वळणाची आहे हे उघड आहे. पण ज्याने स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही असे म्हटले होते, त्याच्याच तोंडी न दिसणाऱ्या वाड्याची ग्वाही घालणाऱ्या त्या अज्ञात लेखकाची विनोदबुद्धी मार्मिक म्हटली पाहिजे. गंमत अशी, की ह्या गोंदोफारेस राजालाही पुष्कळ काळ काल्पनिकच समजत असत. पुढे एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि पंजाबच्या बाजूला त्याच्या नावाची नाणी सापडली आणि पेशावरजवळील तख्त-इ-बाही येथील शिलालेखातही त्याचे नाव वाचले गेले. राजा खरा ठरला. थोमा त्याच्याकडे गेला होता हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. नाणी एवढेच सांगतात, की अज्ञात असणे आणि नसणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत.

महाराष्ट्रात ह्या जातीचा प्रामाणिक संशय पाहावयाचा तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८७४ च्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले. १८८३ साली इंग्लंडमधील वॉण्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी पत्रांतून निकराने वाद घालीत राहिल्या. सिस्टरांना त्यात अहंकार दिसे. रमाबाईंना आपल्या सदसद्विवेकाचा मान राखणे कर्तव्य वाटे. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी मान्य केले, की बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या मधल्या वर्षांतही त्यांनी काम थांबविले नव्हते. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले ते ह्याच काळात.

रमाबाईंचा संशय बुद्धीचा होता, आणि त्याला काही काळाने उत्तर मिळाले. ह्याहून बिकट अवस्था म्हणजे बुद्धीला शंका नाही, पण देव जवळ आहे ह्याची जाणीवच मुळी नाहीशी झालेली. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत व कवी योहान, ज्याला क्रूसाचा योहान म्हणतात, त्याने ह्या अवस्थेला रात्रीची उपमा दिली. विसाव्या शतकात तिचे सर्वांत ठळक उदाहरण कलकत्त्यात घडत होते, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या धर्मगुरूंवाचून ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मदर तेरेसा १९२९ मध्ये हिंदुस्थानात आल्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगकडे जाणाऱ्या आगगाडीत त्यांना दरिद्र्यांतील दरिद्र्यांची सेवा करण्याची आंतरिक हाक आली. त्यानंतर काही महिने ख्रिस्त आपल्याशी बोलतो आहे असा त्यांचा अनुभव होता. त्या बळावर त्यांनी सुरक्षित मठ सोडला, १९४८ च्या अखेरीस त्या झोपडपट्टीत शिरल्या, आणि १९५० मध्ये त्यांच्या संघाला मान्यता मिळाली. नेमके ह्याच सुमारास आतला आवाज थांबला. प्रार्थनेत सर्वत्र रितेपणा. देव आपल्याला नको आहे असे वाटणे. स्वर्ग ह्या शब्दालाही अर्थ न उरणे, असे त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना पत्रांतून कळविले. १९५८ च्या ऑक्टोबरात, बारावे पायस ह्या दिवंगत पोपसाठी झालेल्या मिस्सेच्या वेळी, हा अंधार दूर झाला आणि काही आठवडे आनंद लाभला. मग तो पुन्हा आला आणि १९९७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत बहुतांशी टिकून राहिला. ही पत्रे जाळून टाकावीत असा त्यांचा आग्रह होता. ती जाळली गेली नाहीत, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. काहींनी म्हटले, ही तर ढोंग करणारी स्त्री. आत देव नसताना बाहेर देवाचे नाव घेत होती.

हा आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वतः मदर तेरेसांनाही तीच भीती होती. आपले हास्य म्हणजे रितेपणावर घातलेले पांघरूण आहे, आपण लोकांना फसवीत तर नाही ना, ह्या विचाराने त्या व्यथित होत. आरोपाचे उत्तर ज्या माणसाने सर्वांत स्पष्टपणे दिले, तो पुण्यात राहत होता. फादर योसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियातून आलेले येशूसंघीय धर्मगुरू पुण्यात दीर्घकाळ ईश्वरविद्या शिकवीत. १९६१ मध्ये ते मदर तेरेसांच्या भगिनींसाठी ध्यानसाधना घेण्यास कलकत्त्यास गेले असता मदरनी आपल्या अंधाराची हकीकत त्यांच्यापुढे ठेविली. नॉयनर ह्यांनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. ह्या अवस्थेवर मानवी उपाय नाही, म्हणून तिचा दोष स्वतःकडे घेऊ नये. देवाच्या सान्निध्याचा अनुभव हाच काही त्या सान्निध्याचा एकमेव पुरावा नव्हे. आणि तिसरी गोष्ट अशी, की देवाची एवढी तहान ज्या जिवाला लागली आहे, त्याच्यात देव गुप्तपणे आहे ह्याची ती तहानच खूण होय. जे मुळात ओळखीचेच नाही त्याच्यासाठी कोणी असा झुरत नाही. क्रूसावर स्वतः येशूने देवाने आपल्याला का सोडले असा प्रश्न केला होता; त्या एकाकीपणात मदर वाटेकरी होत आहेत, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

तर्कशास्त्राच्या कसोटीवर हे उत्तर निरुत्तर करणारे आहे असे म्हणता येणार नाही. तहान लागली म्हणून पाणी असलेच पाहिजे, हे वाळवंटात चुकलेला माणूस मान्य करणार नाही. शिवाय प्रत्येक उदासीनता ही संतांची रात्र नव्हे. काही वेळा तो मनाचा आजार असतो, आणि तेथे प्रार्थनेबरोबर वैद्याचीही आवश्यकता असते, हे जाणते धर्मगुरू स्वतःच सांगतात. परंतु ढोंगाच्या आरोपापुरते पाहिले तर नॉयनर ह्यांचे म्हणणे बिनतोड आहे. जो भावना नसताना भावनेचा व्यापार करतो तो ढोंगी. जो भावना नाहीशी झाल्यावरही दिलेला शब्द पाळतो, त्याला कोणत्याही भाषेत एकनिष्ठ म्हणतात. कालीघाटच्या निर्मल हृदयात मरणोन्मुख माणसांना धुताना त्या स्त्रीला आत काही जाणवत होते की नाही, ह्याने त्या माणसांच्या अंगावरून फिरणारे पाणी थंड किंवा ऊन होत नव्हते.

नॉयनर ह्यांच्या भेटीनंतर अंधार गेला नाही. गेले ते त्याचे भय. त्या अंधारावर आपण आता प्रेम करू लागलो आहोत असे त्यांनी नॉयनर ह्यांना लिहून कळविले. मोशेच्या हातांची गोष्ट येथे पुन्हा आठवते: कलकत्त्यातील हातांना पुण्याहून आलेल्या एका माणसाने काही काळ आधार दिला होता. नॉयनर २००९ साली पुण्यातच वारले; त्या वेळी त्यांचे वय १०१ वर्षांचे होते.

मदर तेरेसांच्या संघाच्या प्रत्येक घरातील प्रार्थनागृहात क्रूसाच्या शेजारी, मरताना येशूने आपल्याला तहान लागल्याचे सांगितले ते दोनतीन शब्द लिहिलेले असतात. दुसरी सजावट फारशी नसते. पहाटे भगिनी तेथे जमिनीवर बसतात, आणि थोड्या वेळाने बादल्या, औषधे आणि शिधा घेऊन रस्त्यावर पडतात. पन्नास वर्षांच्या आसपास मदर तेरेसा त्या क्रूसापुढे रोज येऊन बसल्या. त्यांतील बहुतेक सकाळी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, कोणी उत्तर दिले नाही; आणि बादल्या भरण्याची वेळ झाली, की त्या उठत.